वाढप्याला भाजलं तर पैसे कोण देणार?

आमच्या केटरिंगच्या लाइनमध्ये डब्ल्यूसी पॉलिसीचा (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावर अपघात झाला तर कामगाराला द्यायच्या भरपाईचा इन्शुरन्स) विषय काढला की समोरचा हमखास म्हणतो, अहो आमची माणसं रोजंदारीवरची, आज आहेत उद्या नाहीत, त्यांचा कसला इन्शुरन्स काढायचा. आणि हेच लोक टेम्पोचा इन्शुरन्स मात्र एक दिवस लॅप्स होऊ देत नाहीत. आमच्याकडे स्वयंपाकघर सासरे आणि नवरा बघतात, मी पगार, बिलं आणि ही असली कागदपत्रं बघते, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

कुठल्याही मंगल कार्यालयात मागच्या बाजूला जाऊन बघा एकदा. पहिली पंगत उठतेय, दुसरीची घाई, मठ्ठा सांडून फरशी चिकट झालेली, भांडीवाल्या मावशींनी त्यावर पाणी मारलेलं आणि त्यातूनच दोघंजण मसालेभाताचं पातेलं काठाला फडकी लावून उचलून नेतायत, एकाच्या पायात स्लिपर, दुसरा अनवाणी. पलीकडे पुऱ्यांची कढई. आचारी अनुभवी असतो, त्याला फारसं काही होत नाही. भाजतं ते नवीन पोराला, जो आजच मुकादमाबरोबर आलाय आणि ज्याचं आडनावसुद्धा आपल्याला माहीत नसतं.

तर कामगाराच्या भरपाईचा कायदा मूळचा 1923 चा, 21 नोव्हेंबर 2025 पासून सोशल सिक्युरिटी कोड लागू झाला आणि ते सगळं त्यात गेलं, पण गाभा तोच आहे. काम करताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. चूक कोणाची हे बघत नाहीत. 'त्याचंच लक्ष नव्हतं' हे चालत नाही. दारू प्यायलेला होता हा बचाव आहे, पण माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर तोही चालत नाही. आणि रोजंदारीचं म्हणाल तर कॅज्युअल कामगाराला वगळणारी ओळ 2000 सालीच कायद्यातून काढून टाकलीय. एक महिनाही काम केलेलं नसेल तरी तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाची महिन्याची कमाई धरून हिशोब करतात.

मुकादमाची माणसं हा सगळ्यात मोठा गैरसमज. 'पोरं त्याची, जबाबदारी त्याची.' नाही हो. आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तर त्याच्या माणसाची भरपाई आपल्याकडून मागता येते, नंतर मुकादमाकडून वसूल करायचा हक्क आपल्याला आहे, पण ज्याच्याकडे एक मोटरसायकल आणि एक वही आहे त्याच्याकडून काय वसूल करणार? (मुलीच्या बापाला घाबरायचं कारण नाही, लग्न हा त्याचा धंदा नाही. पण जेवणासकट पॅकेज विकून पुढे आपल्याला सबकॉन्ट्रॅक्ट देणारं कार्यालय यात येऊ शकतं, म्हणून काहीजण आता आधी पॉलिसीची कॉपी मागतात, बरोबरच आहे त्यांचं.)

आकडा किती होतो ते बघा. 2020 मध्ये हिशोबाला धरायच्या पगाराची मर्यादा 8,000 वरून 15,000 केली. माणूस गेला तर त्याच्या निम्मे म्हणजे 7,500 गुणिले वयाचा फॅक्टर, तीस वर्षांच्या माणसाचा फॅक्टर 207.98, म्हणजे 15 लाख 59 हजार 850 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. छोट्या केटररचा अख्खा सीझन यात जातो.

आमच्याकडे काही मंडळी स्टॅम्प पेपरवर सही घेऊन ठेवतात, 'काही झाल्यास मालक जबाबदार नाही.' तो कागद तळलेले पापड ठेवायला तरी वापरा, कायद्यात त्याला शून्य किंमत आहे, हक्क सोडून देण्याचा असा करारच बाद ठरतो. दुसरं म्हणजे माणूस गेल्यावर गावाकडे जाऊन बायकोच्या हातात रोख पैसे देऊन येतात. माणुसकी म्हणून द्या, कोण नको म्हणतंय, पण मृत्यूची भरपाई ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, परस्पर दिलेले पैसे सहसा भरपाई म्हणून धरत नाहीत. म्हणजे दोनदा द्यायची वेळ.

आता पॉलिसी घेताना. प्रीमियम वर्षभराच्या एकूण मजुरीवर लागतो, म्हणून लोक फॉर्ममध्ये फक्त कायमचे पाच-सहाजण दाखवतात आणि वाढपी, हेल्पर, मावशी सगळे बाहेर. क्लेमच्या वेळी मग इन्शुरन्सवाला हजेरी मागतो आणि सगळं तिथेच अडकतं. नावानिशी यादी देऊ नका, आपली माणसं रोज बदलतात, अननेम्ड बेसिसवर घ्या, मजुरी खरी लिहा, ठेकेदाराच्या कामगारांचं कव्हर आणि मेडिकल खर्चाचं कव्हर वेगळं मागून घ्या, बऱ्याचदा ते आपोआप येत नाही. दंडाची रक्कम सहसा पॉलिसीत नसते. कामाची जागा म्हणून फक्त गोडाउनचाच पत्ता टाकलेला नाही ना तेही बघा, आपलं काम रोज वेगळ्या कार्यालयात असतं. ज्यांच्याकडे दहा किंवा जास्त माणसं आहेत त्यांनी ईएसआयचं (सरकारी कामगार विमा योजनेचं) आधी बघावं, 21,000 पर्यंत पगारवाले त्यात येतात आणि जो ईएसआयमध्ये आहे त्याला ही भरपाई वेगळी मिळत नाही.

आणि नवीन कोडमध्ये एक गोष्ट स्पष्ट लिहून आलीय, घरून कामावर येताना किंवा काम संपवून घरी जाताना झालेला अपघातही, वेळ-जागा-कामाचा संबंध दाखवता आला तर, यात धरला जातो. रिसेप्शन संपवून रात्री दोन वाजता पातेल्यांच्या वर बसून टेम्पोतून घरी जाणारी पोरं आठवा. आमच्या एजंटला मी पहिला प्रश्न हाच विचारलाय, त्याने लेखी उत्तर दिल्याशिवाय रिन्यूअलचा चेक देणार नाही.