मँगो फ्लेवर देवगडला नेला, त्याची गोष्ट

लीड्सला मी एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करते. ड्युटी साडेबारा तासांची. जेवायची सुट्टी कागदावर अर्धा तास, प्रत्यक्षात पेशंटच्या मर्जीवर. पहिली दोन वर्षं नेमाने डबा नेला. मग एका दिवशी मायक्रोवेव्हच्या रांगेतच माझी सुट्टी संपली, आणि त्या रात्री मी पावडर मागवली. दोन स्कूप, बाटलीभर पाणी, खळखळ हलवायचं आणि घटाघटा प्यायचं. शंभर ग्रॅममध्ये ४०० कॅलरी; प्रथिनं, तंतू, जीवनसत्त्वं सगळं त्यातच. तिकडे याला ‘मील रिप्लेसमेंट’ म्हणतात. घरी फोनवर मी ‘सत्त्व’ म्हणते. नाचणीचं सत्त्व आईला माहीत आहे, त्यामुळे पुढचे प्रश्न वाचतात.

यंदा मे महिन्यात देवगडला आले ती तीन पिशव्या घेऊनच. एक बिनचवीची, एक व्हॅनिला आणि एक मँगो. मँगो मुद्दाम आणली होती, खोडी काढायला.

पंच चौघे होते. आई, तात्या म्हणजे माझे काका, काकी आणि काकीचा आठ वर्षांचा नातू. सगळे पडवीत. समोर खळ्यात क्रेट रचून ठेवलेले, कारण पेट्यांचा हंगाम संपला होता आणि उरलेला माल कॅनिंगला जायचा होता. पिकलेल्या हापूसचा वास इतका दाट, की पावडरीला कुठे उभं राहायचीही जागा नव्हती. निष्पक्ष चाचणीसाठी याहून वाईट जागा जगात नसेल.

सुरुवातच बिघडली. काकीने हौसेने शेकरमध्ये आधी पावडर ओतली आणि वरून पाणी. तळाला सिमेंट बसलं. आईने बाटली हातातून काढून घेतली, अर्धं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि बोटाने गुठळ्या मोडायला लागली. “कुळथाची पिठी कधी अशी करतंस?” काकी गप्प. पिठी आधी थंड पाण्यात कालवायची आणि मग आमसुलं घातलेल्या उकळत्या फोडणीत सोडायची, हे आमच्याकडे पोरींना चुलीजवळ बसवून शिकवतात. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात पडलं की बाहेरचा स्टार्च लगेच फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच कोंडलं जातं. इथे पाणी गार होतं, पण पावडरीत दाटपणासाठी झँथन गम असतो, तोही तसाच खोडसाळ. पिशवीवर ‘आधी पाणी, मग पावडर’ असं लिहिलंय. आईला इंग्रजी येत नाही, पण तिला ते वाचायची गरजच पडली नाही.

पहिली बिनचवीची. आईने एक घोट घेतला, जरा थांबली. “पेजेत मीठ घालूक इसारलस गो.” उठून आत गेली, मीठ आणलं, चिमूटभर घातलं, आणि खरंच सुधारली हो! तात्यांनी घटकांची यादी वाचायला लावली. ओट, वाटाण्याचं प्रथिन, जवस, नारळाच्या तेलातून काढलेली पूड. तात्या म्हणाले, “ह्या तर म्हशीचा आंबोण.” मी वाद घातला नाही. आमच्या म्हशीची तब्येत नेहमी उत्तम असे.

व्हॅनिला नातवाने एकट्यानेच संपवली. काकीचा निकाल: “कॉम्प्लान.” तिला वाटतं कॉम्प्लान आपल्याकडचंच. मूळ ब्रिटनचं, ग्लॅक्सोचं. आपल्याकडे पुढे हाइन्झकडे गेलं आणि आता झायडसकडे आहे. म्हणजे जेवणाऐवजी भुकटी ढवळायची कल्पना काही आजची नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रॉब ऱ्हाइनहार्ट नावाच्या तरुण इंजिनिअरने जेवणात वेळ जातो म्हणून सॉयलेंट काढलं, तेव्हापासून तिला नवे कपडे मिळाले, एवढंच.

काकीची एक तक्रार मात्र खरी होती. गोडी तोंडातून जाईना. ती साखरेची नव्हे, सुक्रालोजची. साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड. जीभेवर जरा उशिरा येते आणि मग पाहुण्यासारखी बसून राहते. याचा शोध १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लागला, आणि लावणारा आपला माणूस, शशिकांत फडणीस. गोष्ट अशी सांगतात की प्रोफेसर लेस्ली हॉफ यांनी त्यांना ते रसायन तपासायला सांगितलं, आणि फडणिसांनी ऐकलं ‘चाख’. टेस्ट आणि टेस्ट. देवनागरीत लिहून बघा, चूक कोणाची ते सांगता येणार नाही. ही गोष्ट मी पडवीत सांगितली तर तात्यांचं एकच म्हणणं: “फडणीस खंयचे?”

आणि मग मँगो.

रंग झकास. बाटली उघडली तेव्हा नातू म्हणाला, “आंबा!” तात्यांनी वाटी नाकाशी नेली, लांब धरली, पुन्हा नेली. आंब्याच्या ढिगात बसून चाळीस वर्षं फक्त वासावर माल लावलेला माणूस. मग एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. “ह्येच्यात आंबो खंय आसा?”

मी पिशवी वाचली. नैसर्गिक मँगो फ्लेवर आणि रंगासाठी बीटा-कॅरोटीन. आंबा नव्हता.

मला त्या चवीत कायम पीच लागतो, आंबा नाही, आणि त्याला कारण असावं. हापूस पिकताना त्यात लॅक्टोन आणि फ्युरानोन ही गोड वासाची रसायनं वाढतात. त्यातलेच काही लॅक्टोन पीचमध्येही असतात आणि फ्लेवर बनवताना हात सहज तिकडे जातो. पण हापूसच्या वासात ओसिमिनसारखी टर्पीनंही भरपूर असतात; देठ मोडल्यावर चीक येतो तेव्हाचा तो हिरवट, झोंबरा वास आठवा. पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, या वासांवर बरंच काम झालंय. पावडरीत गोड अर्धा भाग आला होता, देठाकडचा राहिला होता. हे सगळं मी तात्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साको पडलेलो आंबो सुद्धा ह्येच्यापेक्षा बरो.” साका पडलेला, म्हणजे आतून पांढरट आणि भुसभुशीत झालेला आंबा आमच्याकडे नोकरालाही देत नाहीत.

मला वाटलं संपलं. पण तात्या तापले होते. १ मे २०१४ पासून युरोपने आपला हापूस बंद केला होता, मालात फळमाशी सापडली म्हणून. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवायचं ठरलं, पण मधला अख्खा हंगाम गेला. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होतं, त्यामुळे तात्यांच्या लेखी लीड्स म्हणजे गुन्हेगारांपैकीच. “आमच्या आंब्यात माशी गावली म्हणान बंद केल्यानी, आणि ह्येच्यात आंबोच नाय, ता चलता?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आईने इतका वेळ मँगोला हात लावला नव्हता. वाट्या गोळा करताना हळूच म्हणाली, “तुका थय जेवाक मेळणा नाय काय गो?” तिला कसं सांगू की मिळतं, पण रात्री तीन वाजता, एका ट्रॉलीवरून दुसरी ट्रॉली येईपर्यंतच्या सात मिनिटांत, भूक आणि जेवण यांची गाठ पडत नाही? तिथे ती पावडर वाईट नाही. मी पीत राहणार आहे. बिनचवीची, मीठ घालून.

मँगोची पिशवी कोणी परत बघितली नाही. शेकर मात्र आईने ठेवून घेतला. आतल्या तारेच्या गोळ्याने ताक रवीपेक्षा लवकर होतं म्हणे. परवा फोन आला. मला वाटलं पाऊस लागला ते सांगायला.

“ता तारेचा गोळा खंय तरी हरावला. येताना दुसरा घेऊन ये. ती पिठी हाडू नको.”