तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोग्राम चालणार कुठे?

"माझ्याकडे अमुक प्रोसेसर आहे, जीसीसीला कोणते फ्लॅग देऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा येतो. (जीसीसी म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा, म्हणजे कंपाइल करणारा कंपायलर; फ्लॅग म्हणजे त्याला दिलेल्या सूचना.) मी आधी उलट विचारतो, की प्रोग्राम चालणार कुठे? काहींना ती टाळाटाळ वाटते. पण उत्तर खरोखर तिथेच आहे.

ज्या मशीनवर कंपाइल करणार, त्याच मशीनवर चालवणार असाल तर गोष्ट सोपी आहे: -ओ२ (कोड वेगवान करायला सांगणारा नेहमीचा फ्लॅग) आणि -एमआर्च=नेटिव्ह (कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते सांगणारा). 'नेटिव्ह' म्हटलं की कंपायलर प्रोसेसरलाच विचारतो, तुला काय काय येतं? अडचण येते ती फाइल दुसऱ्याच्या हाती देताना.

माझी एक मैत्रीण सांगलीकडच्या एका कॉलेजात भूजलाचं मॉडेल चालवते. तिला प्रोग्राम मी माझ्या घरच्या आय५वर कंपाइल करून दिला होता. माझा आय५ हा इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, त्या पिढीचं नाव हॅस्वेल. तिच्या लॅबमधले पेंटियम जी३२२०, तेही हॅस्वेलच, सॉकेटसुद्धा तेच. म्हणून मी निर्धास्तपणे -एमआर्च=हॅस्वेल लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. रात्री लावून ठेवलेलं काम सुरू होताक्षणीच मेलं होतं आणि स्क्रीनवर एवढंच होतं: 'इलीगल इन्स्ट्रक्शन', म्हणजे प्रोसेसरला न समजणारी आज्ञा. पोरांचं सबमिशन दोन दिवसांवर आलेलं. मी तिला जीडीबी (प्रोग्राम कुठे अडला ते दाखवणारा डीबगर) लावायला सांगितलं. बाण जिथे थांबला होता, ती इन्स्ट्रक्शन 'व्ही' अक्षराने सुरू होत होती, म्हणजे एव्हीएक्सची (एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा संच). मग लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती देणाऱ्या /प्रॉक/सीपीयूइन्फो या फाइलमधली 'फ्लॅग्ज'ची लांबलचक ओळ तिने फोनवर वाचून दाखवली; हे फ्लॅग कंपायलरचे नव्हेत, प्रोसेसरला काय काय येतं त्याची ती यादी. एसएसई४.२ (त्याच जातीचा जुना संच) होतं. एव्हीएक्स नव्हतंच. त्या पिढीच्या पेंटियममध्ये ते नसतं आणि मी पिढीच्या नावावर विसंबलो होतो. चूक माझी होती, रात्र तिची गेली. ती गोष्ट मला अजून लागते.

तेव्हापासून मी नाव बघत नाही, ती ओळ बघतो.

या इन्स्ट्रक्शनचा फायदा मोठा आहे, म्हणून तर मोह होतो. २००३ साली आलेल्या मूळ ६४-बिट एक्स८६मध्ये (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांची जात) एसएसई२ हमखास मिळतं, त्याचं रजिस्टर (प्रोसेसरमधली आकडे ठेवायची जागा) १२८ बिटांचं. त्यात ३२ बिटांचे चार आकडे मावतात. एव्हीएक्समध्ये २५६ बिट, म्हणजे एका फटक्यात आठ. पण हे फक्त आकडेमोडीच्या लूपला लागू. तुमचा प्रोग्राम डिस्कची किंवा मेमरीची वाट बघत बसत असेल तर कुठलाही फ्लॅग त्याला पळवणार नाही. आधी 'पर्फ' हे वेळ मोजणारं साधन लावून वेळ कुठे जातोय ते बघा, मग फ्लॅगला हात घाला.

-एमट्यून आणि -एमआर्च यांत लोक गल्लत करतात. एमट्यून फक्त कोडची मांडणी त्या प्रोसेसरच्या सोयीने करतं, फाइल दुसरीकडेही चालते. एमआर्च मात्र नव्या इन्स्ट्रक्शन वापरायची मुभा देतं, आणि जुन्या मशीनवर माझ्यासारखी फजिती होते ती त्यानेच.

उत्तरं बदलतात का, हेही विचारतात. हो, बदलू शकतात, आणि त्यासाठी -एफफास्ट-मॅथ हा गणिताचे नियम सैल करणारा फ्लॅगच लागतो असं नाही. एफएमए (गुणाकार आणि बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये करायची सोय) असलेल्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलं, की जीसीसी नेहमीच्या सेटिंगमध्ये गुणाकार-बेरीज एकत्र करतं. दोनदा होणारं राउंडिंग एकदाच होतं आणि शेवटचे अंक हलतात. दोन मशीनचे निकाल ताडून बघायचे असतील तर -एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ द्या. -एफफास्ट-मॅथ मी कुणाच्या संशोधनाच्या कोडला लावू देत नाही. त्यात बेरजेचा क्रम बदलायची परवानगी असते आणि 'नॅन' (शून्य भागिले शून्यासारखं, आकडा नसलेलं उत्तर) कधी येणारच नाही असं कंपायलर धरून चालतो. मॉडेल बिघडलंय हे ओळखायला तोच 'नॅन' लागतो हो!

मैत्रिणीच्या कोडचं पुढे असं केलं. सगळा प्रोग्राम -एमआर्च=एक्स८६-६४-व्ही२वर बांधला; इन्स्ट्रक्शनची ही ठरावीक पातळी एव्हीएक्स मागत नाही, म्हणून त्या पेंटियमला झेपते आणि जीसीसी ११पासून हे नाव थेट देता येतं. पर्फमध्ये सगळ्यात वर आलेलं एकच फंक्शन होतं, त्याच्या डोक्यावर 'टार्गेट_क्लोन्स' लिहून 'एव्हीएक्स२' आणि 'डीफॉल्ट' अशी दोन नावं दिली. कंपायलर त्या फंक्शनच्या दोन प्रती बनवतो आणि सुरू होताना प्रोसेसर बघून एक निवडली जाते. इथेही 'हॅस्वेल' असं पिढीचं नाव मी मुद्दाम टाळलं. एकच फाइल आता माझ्या आय५वरही चालते, तिच्या लॅबमध्येही.

तेव्हा विचाराल तेव्हा प्रोसेसरच्या नावाबरोबर ती 'फ्लॅग्ज'ची ओळही पाठवा, आणि प्रोग्राम चालणार असलेल्या सगळ्यात जुन्या मशीनचीसुद्धा.