परदेशातली जुनी गाडी आणि आपली पांदण

तीन वर्षांपेक्षा जुनी आणि पन्नास वर्षांपेक्षा नवी असलेली कोणतीही वापरलेली मोटार सर्वसाधारण मार्गाने भारतात आणून रस्त्यावर चालवता येत नाही. ही गोष्ट परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना सहसा ठाऊक नसते. जपानमध्ये १९९६ ची छोटी जीप मोटारसायकलच्या भावात मिळते किंवा इंग्लंडात शेजाऱ्याच्या अंगणात एखादी जुनी गाडी विकायला उभी असते, आणि ती पाहून त्यांना गावाकडचे शेत आठवते. माझ्या भाच्याचेही तेच झाले. इंग्लंडात नोकरी करणाऱ्या या पोराने १९७४ साली पहिली नोंदणी झालेली, सॉलिहलच्या कारखान्यात तयार झालेली सीरीज थ्री लँड रोव्हर पाहून ठेवली आणि फोनवर विचारले, "मामा, दारव्ह्याच्या शेतावर ही गाडी आणून टाकू का?" दारव्हा हा विदर्भातला आमचा तालुका. भाच्याला उत्तर देण्यासाठी जे वाचावे आणि विचारावे लागले, ते इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे लिहीत आहे.

वापरलेल्या गाडीच्या आयातीचे नियम मुळात सोपे आहेत. गाडी निर्मितीपासून तीन वर्षांच्या आतली हवी, तिचे स्टिअरिंग उजवीकडे हवे, वेगमापक किलोमीटरमध्ये हवा, समोरचे दिवे डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसे हवेत, आयातीनंतर किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्याजोगी असावी आणि ती मुंबई बंदरातूनच उतरावी. २००१ साली आयातीवरील संख्यात्मक बंधने उठली, तेव्हा साऱ्या जगाच्या जुन्या गाड्या येथे येऊन पडू नयेत म्हणून ही अटींची भिंत उभी राहिली. ती अन्यायकारक आहे असे मला वाटत नाही, कारण आफ्रिकेतील कित्येक देशांत रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या दुसऱ्या देशाने वापरून टाकलेल्या असतात आणि केनियासारख्या देशालाही अखेर आठ वर्षांची मर्यादा घालावी लागली. मात्र अमेरिकेत पंचवीस वर्षांनंतर आणि कॅनडात पंधरा वर्षांनंतर परदेशी गाडीला सुरक्षेच्या निकषांतून सूट मिळते. आपल्याकडे मात्र मधली सत्तेचाळीस वर्षे दार बंदच असते.

दुसरे दार पन्नास वर्षांनंतर उघडते. पूर्वी १ जानेवारी १९५० च्या आधी तयार झालेल्या गाड्यांनाच ही सवलत होती, आणि तारीख गोठलेली असल्याने साठच्या दशकातली गाडी कितीही म्हातारी झाली तरी तिला प्रवेश नव्हता. २०२५ च्या सुरुवातीला ही तारीख काढून तिच्या जागी पन्नास वर्षांची सरकती मर्यादा आली, म्हणून १९७४ ची गाडी आज वयाने पात्र ठरते. वय मोजायचे ते पहिल्या नोंदणीच्या दिवसापासून, त्यामुळे विकणाऱ्याचे तोंडी सांगणे येथे कामाचे नाही. ब्रिटनमध्ये गाडीच्या मालकीच्या पुस्तकावर ही तारीख छापलेली असते. गाडी कायमची देशाबाहेर नेताना त्यातील निर्यातीची पट्टी फाडून तेथील परवाना खात्याकडे पाठवायची असते आणि उरलेले पुस्तक गाडीबरोबर ठेवायचे असते. अनेक जण हे पुस्तक कपाटात ठेवून गाडी तेवढी जहाजावर चढवतात, आणि मग बंदरात पडून राहिलेल्या गाडीचे भाडे दिवसागणिक चढत जाते.

खर्चाचा हिशेब मी भाच्याला कागदावर मांडून पाठवला. सीमाशुल्काची आकारणी गाडीची किंमत, जहाजाचे भाडे आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर होते. वापरलेल्या मोटारीवर अनेक वर्षे मूळ शुल्क १२५ टक्के होते आणि त्यावर समाजकल्याण अधिभार धरून ते १३७.५ टक्के होई. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ दर ७० टक्क्यांवर आणल्याची बातमी आली आणि मित्रमंडळींनी ती आनंदाने पुढे पाठवली, परंतु त्याच वेळी ६७.५ टक्क्यांचा कृषी पायाभूत सुविधा उपकर लागला, म्हणजे बेरीज पुन्हा १३७.५ टक्केच. (शेतीच्या नावाचा हा उपकर आमच्यासारख्या कापूसवाल्यांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, ते कोणी समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.) या साऱ्यावर वस्तू व सेवा कर लागतो, आणि सव्वादोन लिटरच्या इंजिनाची गाडी सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्क्यांच्या वर्गात पडते. वापरलेल्या मोटारीचे हेच दर धरले, तर मुंबईत उतरताना पाच लाख रुपये किमतीची ठरलेली गाडी बंदराबाहेर पडेपर्यंत सुमारे १६ लाख ६२ हजारांची होते, आणि त्यात दलालाची फी, बंदराचे भाडे आणि मुंबईहून दारव्ह्यापर्यंत ट्रेलरचा खर्च अजून धरलेला नाही.

एवढे पैसे मोजूनही गाडी शेतावर नेता येईल का, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते सगळे घोडे अडते ते येथेच. आज पहिल्यांदा साधी नोंदणी होणाऱ्या गाडीला बीएस-सिक्सचे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे आजचे निकष पाळावे लागतात, ते १९७४ च्या कार्बोरेटरकडून होणे नाही. म्हणून २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी जे स्वतंत्र नियम केले, त्याच वाटेने जावे लागते. त्यांनुसार गाडी पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात आणि चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली असावी. अर्जासोबत विमा, आयात केलेल्या गाडीसाठी बंदरावरचे बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडे भरलेला आयातीचा कागद) आणि २०,००० रुपये शुल्क भरावे लागते. नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. येथवर कोणाचीच तक्रार नसावी. परंतु अशी गाडी नियमित किंवा व्यापारी कामासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची.

भाच्याचे म्हणणे पडले की शेतात कोण पाहायला येणार आहे. स्वतःच्या धुऱ्याच्या आत कोणी येणार नाही हे खरे, परंतु गावापासून शेतापर्यंतची पांदण ही सार्वजनिक वाट आहे. त्या वाटेवर ट्रॅक्टरला धक्का लागला किंवा कोणाचा बैल उधळून जखमी झाला, तर विमा कंपनी सर्वांत आधी गाडी त्या दिवशी कोणत्या कामासाठी बाहेर काढली होती, हेच विचारील. कपाशीच्या पऱ्हाटीला मजूर पोचवणे हे काही तांत्रिक संशोधन नव्हे.

आमच्या तालुक्यातील एका जुन्या मिस्त्रीला मी त्या लँड रोव्हरचे फोटो दाखवले. त्याने बोनेटकडे पाहिलेही नाही. गाडीच्या पोटाखालचे फोटो मागून घेतले, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, "बापा, वरतून सोनं दिसते, पन् चेसिस पाह्यजा आधी." त्याचे म्हणणे अचूक होते. या गाडीची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असल्याने तिला गंज चढत नाही, परंतु चेसिस आणि पुढच्या काचेखालची भिंत पोलादाची असते, आणि ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ चेसिसच्या पोकळ पेटीत शिरून तिला आतून खाते, आणि वरून काळा रंग मारला की बाहेरून काहीच कळत नाही. छोट्या हातोडीने ठोकत गेल्यावर टणत्कार यावा, भद्द आवाज आला की तेथे पत्रा संपलेला आहे असे समजावे. ही ठोकणी व्हिडिओ कॉलवर नीट होत नाही, म्हणून विकत घेण्याआधी तेथील एखाद्या कारागिराला पैसे देऊन गाडी तपासून घ्यावी, असे मी भाच्याला लिहिले. मिस्त्रीने आणखी एक अडचण सांगितली, ती म्हणजे या गाड्यांना इंची पाने लागतात, आणि विलीज जीपच्या काळातले तसे पाने त्याच्याकडे असले तरी त्याच्या मुलाच्या पेटीत फक्त मिलिमीटरचे आहेत.

पेट्रोलचा प्रश्न त्याहून मोठा आहे. देशभर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पंपातला डायाफ्राम फुगवते आणि टाकीच्या तळाची गंजाची पूड सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये नेऊन बसवते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर हे अधिकच होते, आणि विंटेज नोंदणीची गाडी उभीच राहणार. शिवाय आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा इंजिनाच्या धगीने पेट्रोल नळीतच वाफ होते आणि गाडी चढावर मधेच बंद पडते. जुने जीपवाले पंपावर ओले फडके गुंडाळून ती पुन्हा सुरू करत. नळ्या, डायाफ्राम आणि सील इथेनॉल सोसणारे घातल्यास बराच त्रास टळतो.

काही जण कार्ने नावाच्या, तात्पुरत्या आयातीच्या कागदाचा रस्ता सुचवतात. त्या कागदावर परदेशी गाडी शुल्क न भरता काही महिन्यांसाठी आणता येते हे खरे, परंतु ती परत न्यावीच लागते आणि न नेल्यास पूर्ण शुल्क वसूल होते. हा प्रवाशांचा रस्ता आहे, शेतकऱ्याचा नव्हे. डाव्या स्टिअरिंगच्या अमेरिकी गाडीबद्दल विचारणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम १२० पाहावे. ठरवून दिलेल्या प्रकारचे चालू स्थितीतले इशारायंत्र असल्याशिवाय तशी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही.

विदर्भाला परदेशी गाड्या नव्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत असे, आणि नागपूर-वर्ध्याकडच्या मालगुजारांच्या आणि वऱ्हाडातल्या जिनिंगवाल्या शेठजींच्या दारात अमेरिकी मोटारी उभ्या असत. केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना १९५३ नंतरच्या धोरणात जागा राहिली नाही आणि १९५४ साली ते काम बंद पडले. महिंद्राने मात्र १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतली होती आणि पुढे ती येथेच बनवली. आपल्या मिस्त्रींचे हात त्या जीपवर तयार झाले.

म्हणून भाच्याला मी जे कळवले ते असे. लँड रोव्हर घ्यायचीच असेल तर तेथेच घे आणि तेथेच चालव, कारण ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील गाडीला रस्ताकर आणि वार्षिक तपासणी या दोन्हींतून सूट मिळते आणि रोज कामावर नेण्यासही कोणी हरकत घेत नाही. शेतासाठी येथेच नोंदलेली, उंच बोनेटची महिंद्रा सीजे-३बी शोधू. तिची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागेल. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील साध्या मोटारीला त्यासाठी १०,००० रुपये लागतात, आयात केलेल्या गाडीला ८०,०००. अशी जीप दिग्रसच्या बाजूला एकाकडे असल्याचे कळले आहे. कागद चालू आहेत असे मालक म्हणतो, परंतु नोंदणी वाढवून घेतल्याचा शिक्का आणि विम्याची तारीख पाहिल्याशिवाय त्यावर विसंबता येणार नाही. चेसिसवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेला नंबराचा ठसा पुस्तकातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला, तरच मी विसार देणार आहे.