नामिब वाळवंट: 'फुल इन्शुरन्स' आणि टायरमधली हवा

नामिबियाची राजधानी विंडहुकला भाड्याची गाडी ताब्यात देताना तिथला माणूस म्हणाला, "फुल इन्शुरन्स आहे, निर्धास्त जा. टायरच्या हवेला हात लावू नका, आम्ही बरोबर भरलीय." दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. नामिबियाला तंबू घेऊन फिरणार असाल तर बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, हवेचं तेवढं वाचा.

आम्ही नाशिकची दोन जोडपी, जुलैचे अकरा दिवस. फोर बाय फोर डबल कॅब (चार दारांची पिकअप), टपावर दोन तंबू. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे गाडी हातात लगेच बसते. फसवतो तो रस्ता. मुख्य हमरस्ते सोडले की बहुतेक सगळी खडी, आणि तिच्यावर पन्हळी पत्रा आडवा अंथरावा तशा लाटा. मोबाइलचा नकाशा सांगतो त्या वेळेत दीड-दोन तास मिळवा. ताशी ऐंशीच्या वर जाऊ नका, वळणावर साठसुद्धा जास्त.

सॉलिटेअर नावाच्या छोट्या थांब्यावर ॲपल पाय खाल्ला, डिझेल भरलं आणि वाळूच्या टेकड्यांचं प्रवेशद्वार असलेल्या सेसरिमच्या वाटेवर वीसेक किलोमीटरवर मागचा डावा टायर गेला. साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, अंगठ्याच्या नखाएवढा धारदार दगड रुतला होता. साइडवॉल फाटली की पंक्चर निघत नाही, टायर बाद. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली, ती उतरवायचा लांब दांडा कुठे आहे हे शोधण्यातच अर्धा तास गेला. जॅक खडीत रुतत होता, शेवटी स्वयंपाकाची फळी त्याच्याखाली घातली. हे सगळं विंडहुकच्या अंगणात एकदा करून बघा आणि मगच निघा. दोन स्टेपन्या, हवेचा पंप आणि गेज मिळाल्याशिवाय सही करू नका.

दुसऱ्या दिवशी सोसुसव्लेई, म्हणजे लाल वाळूच्या उंच टेकड्यांचा भाग. मुक्काम सेसरिमच्या आतल्या कॅम्पवरच करा. आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेरच्यांना फाटक सूर्योदयालाच उघडतं. साठ किलोमीटर डांबरी आहे. मग डांबर संपतं आणि उरतात पाच किलोमीटर भुसभुशीत वाळू. आमच्या टायरमध्ये 2.4 बार हवा होती, आपल्या भाषेत 35 पीएसआय. तिसऱ्या किलोमीटरला गाडी पोटापर्यंत बसली. जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी खाली गेली. आम्ही चौघं हातांनी वाळू उपसत होतो आणि समोर टेकड्या लाल व्हायला लागल्या होत्या. ज्या सूर्योदयासाठी इतक्या लांब आलो तो चाकाखाली मान घालून गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

वाळूतून पर्यटकांना नेणाऱ्या शटलचा एक वयस्कर ड्रायव्हर थांबला. काही न बोलता उकिडवा बसला, वॉल्व्हमध्ये काडी दाबली. फुस्स... चारही चाकांची हवा 1.2 बारवर आणली, लो रेंज (फोर बाय फोरचा जास्त ताकदीचा, कमी वेगाचा गिअर), दुसरा गिअर, आणि गाडी हळूहळू वर आली. इतकंच करायचं होतं! खडीवर साधारण 2 बार, वाळूत 1.2, आणि डांबरावर परत येताच लगेच भरून घ्या. वाळूची सवय नसेल तर गाडी डांबर संपतं तिथे लावा आणि पैसे देऊन शटलने जा. त्यात कमीपणा नाही.

ड्यून 45 ही वाळूची टेकडी सोडून द्या, रस्त्यालगत असल्याने फार गर्दी. चढायचं तर बिग डॅडी ही टेकडी. उंची सव्वातीनशे मीटरच्या आसपास, पण दोन पावलं टाकली की एक मागे येतं. कळसूबाई चढणाऱ्याला नक्की जमेल. माणशी दोन लिटर पाणी घ्या. माथ्यावरून थेट डेडव्लेई या पायथ्याच्या कोरड्या मैदानात पळत उतरलो, गुडघाभर वाळूत, दहा मिनिटांत. खाली पांढरी भेगाळलेली माती आणि सहाशेहून जास्त वर्षांपूर्वी वाळलेली काळी झाडं. हवा इतकी कोरडी की ती कुजतच नाहीत. एवढ्यासाठी मी तो टायर पुन्हा फोडून घेईन.

पुढचे दोन दिवस आऊस गावापर्यंत मजेत गेले, रानघोडे दिसले.

दक्षिणेतल्या फिश रिव्हर कॅन्यन या प्रचंड दरीत तासभर खाली उतरून येऊ, असं ठरवून जाऊ नका. दिवसापुरतं उतरायला परवानगीच नाही. खाली जायचं तर दरीच्या कडेजवळच्या होबास कॅम्पपासून आय-आयस या ठिकाणापर्यंतचा सुमारे 85 किलोमीटरचा पूर्ण ट्रेक, तोही 1 मे ते 15 सप्टेंबरमध्येच, आधी बुकिंग आणि डॉक्टरचा दाखला घेऊन. आमच्यासारखं वरून बघायचं असेल तर होबासला मुक्काम करा, कडा तिथून दहा किलोमीटरवर आहे. जुलैच्या रात्री दोन स्वेटर घालूनही थंडी वाजते.

गाडी परत केली तेव्हा बिल आलं: टायरचे साडेचार हजार नामिबियन डॉलर, म्हणजे वीस हजारांहून जास्त रुपये. 'फुल'मध्ये टायर, काच आणि गाडीचं पोट येत नाही, हे करारात चौथ्या पानावर बारीक अक्षरात होतं. टायरचं कव्हर वेगळं मिळतं, ते मागून घ्या. आणि निघण्याआधी प्रत्येक टायरचा, स्टेपनीचाही, गेज लावलेला फोटो त्यांच्यासमोर काढा.