बुचं लावलीत ना?

मे महिन्यात बोटी पाण्यात उतरवायचा आमचा रॅम्प पाण्यापर्यंत पोचतच नाही. कोयना धरण भरलं की त्याच्या जलाशयाची, शिवसागराची, पातळी २१६३ फुटांवर असते, तेव्हा निम्मं काँक्रीट पाण्याखाली. मग वर्षभर पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत जातं, काही खाली कऱ्हाड-सांगलीकडं, आणि बामणोलीच्या बाजूला आम्हाला उरतो गाळ. त्यावर मुरूम टाकून वाट करायची आणि गिऱ्हाईकानं विचारलं की "रॅम्प आहे" म्हणायचं.

त्या रविवारी पुण्याचे एक साहेब स्वतःची जेट स्की ट्रेलरवर घेऊन आले. गाडी चालवायला विशीतला पोरगा. कासवरून घाट उतरलेल्या ट्रेलरच्या चाकांचे हब हाताला चटका देत होते. गरम हब तसंच गार पाण्यात बुडवलं की आतली हवा आक्रसते, सीलमधून पाणी आत ओढलं जातं आणि बेअरिंगमधल्या ग्रीसची वाट लागते. म्हणून म्हटलं, अर्धा तास थांबा. साहेबांचं तोंड वाकडं झालं. पाणी दिसलं की या लोकांना घड्याळही दिसायला लागतं.

मग रिव्हर्स. पोराला सांगितलं, स्टिअरिंग खालून धर आणि ट्रेलरचं शेपूट जिकडं न्यायचंय तिकडं हात ने. पहिल्या दमात सरळ आणला त्यानं. आमच्याकडच्या दोघांना अजून जमत नाही. मागच्या चाकांना दगड लावले, लाइटची पिन काढली, मागचे पट्टे सोडले. पुढचा विंचचा पट्टा मात्र जेट स्की तरंगेपर्यंत सोडायचा नाही. वरच सोडला तर साडेतीनशे किलोचं धूड काँक्रीटवर उतरतं, आणि ते मी एकदा पाहिलंय. इंजिनही कमरेएवढ्या पाण्यात नेऊनच सुरू करायचं, नाहीतर खालची जाळी गोटे ओढते आणि पाणी मागं फेकणारा आतला पंखा, इम्पेलर, कामातून जातो.

"बुचं लावलीत ना?" मी साहेबांना विचारलं. मागे तळाशी दोन बुचं असतात, धुतल्यावर पाणी निथळायला काढून ठेवतात. साहेब फोनवर होते. मान हलवली. आमच्या जेट स्कीची बुचं मी रोज बोट लावून बघतो. त्यांची नाही बघितली.

झोकात गेले. पळत असताना कळतच नाही, कारण वेगात आत आलेलं पाणी मागून ओढून बाहेर पडतं. थांबलं की भरायला लागतं. आणि साहेब थांबले, भर मध्यावर, फोटो काढायला.

लाँचवर दोर वळत बसलेले आबा म्हणाले, "आरं, तिचं ढुंगण बसतंय बघ." मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. आबांचं गाव या पाण्याखाली आहे. ते दिवसभर पाण्याकडंच बघत असतात.

आम्ही पोचलो तोवर मागची बाजू बुडाली होती आणि साहेब स्टार्टर दाबत होते. आधी त्यांच्या मनगटाची चावीची दोरी ओढून खिशात घातली. सिलिंडरमध्ये पाणी असताना फिरवलं तर पिस्टनला पाणी दाबता येत नाही, रॉड वाकतो. साहेबांना लाँचमध्ये घेतलं. ओढतानाही आबांना चालीच्या वेगानंच नेऊ दिलं. इंजिन बंद असताना जोरात ओढलं की कूलिंगच्या नळीतून पाणी आत घुसतं. हे कित्येक जेट स्कीवाल्यांनाही ठाऊक नसतं.

ट्रेलरवर चढवल्यावर दोन्ही भोकांतून किती वेळ धार लागली होती! स्पार्क प्लग काढले, इंजिन फिरवलं, पाण्याची चूळ बाहेर आली. पुसलं, पुन्हा फिरवलं. तिसऱ्या खेपेला पेटलं. तेवढ्यापुरता मी राजा होतो.

बुचं गाडीत सापडली, चहाच्या रिकाम्या कागदी कपाखाली. साहेबांनी पोराला सगळ्यांदेखत झापलं. "एक काम सांगितलं होतं तुला!" पोरानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी पाइप गुंडाळत होतो, गुंडाळतच राहिलो. जाताना साहेबांनी माझ्या हातात पाचशेची नोट ठेवली, "तुम्ही होतात म्हणून वाचली." मी घेतली.

संध्याकाळी लाँच बांधताना आबांनी विचारलं, "जेट स्की धुतो कोण त्यांची?"

"तो पोरगाच."

"मग त्याला इचारलं हुतंस का?"

नव्हतं विचारलं. तो चार हातांवर उभा होता, ट्रेलरला टेकून.