वावळाच्या बियांचे पंख

मार्चमध्ये वावळाच्या झाडाखाली गोल, कागदासारख्या पातळ बियांचा सडा पडतो बघा, त्यातली एक उन्हात धरली आणि आतल्या बारीक शिरा दिसल्या तेव्हा वाटलं अरे हा तर कुणाचातरी पंखच आहे!! तिथून माझे न जन्मलेले किडे सुरू झाले, म्हणजे बिया, काटक्या, तारा जोडून केलेले काल्पनिक किडे.

दोन-तीन सेंटीमीटरचा एक किडा. डोकं काटकीच्या गाठीचं, पोट कॅश्युरिनाच्या (सुरूच्या झाडाच्या) छोट्या बोंडाचं, मिशा गवताच्या तुऱ्याच्या, पाय जुन्या मोटारच्या वाइंडिंगमधल्या तांब्याच्या तारेचे. किडा काल्पनिक असला तरी नियम मात्र मी खरेच पाळते, म्हणजे डोकं, छाती, पोट असे तीन भाग, पाय सहाच आणि पाय न् पंख दोन्ही छातीलाच जोडायचे. पहिल्या किड्याचे मागचे पाय पोटाला चिकटवले होते आणि तो काही केल्या जिवंत वाटेना, कारण कळायला आठवडा गेला. भुंगेरा करायचा तर पुढचे पंख कडक झाकणासारखे हवेत, तिथे शेंगेची वाळकी साल मस्त बसते.

गुंजेचे डोळे फार सुंदर दिसतात, पण गुंज विषारी असते, त्यामुळे तिला भोक पाडत नाही आणि घरात लहान मूल असेल तर वापरतच नाही.

सगळ्यात वेळ खातात पाय. प्रत्येक पायाला तीन बाक, चिमट्याने, श्वास रोखून. काल सहावा पाय टेकला आणि किडा टेबलावर स्वतःच्या पायांवर उभा राहिला, मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.