पाण्याचा तट: स्त्रासबुर्गचा वोबाँ बंधारा

आज फ्रान्समधल्या स्त्रासबुर्गमध्ये इल नदीवरचा हा बंधारा पाहिला. लोक वरच्या गच्चीवरून जुन्या शहराचे फोटो काढतात आणि निघून जातात. खरी गोष्ट खाली, कमानींमध्ये आहे.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने 1681 मध्ये शहर घेतलं. मग त्याचा तटबंदी-तज्ज्ञ वोबाँ याच्या आराखड्यानुसार अभियंता ताराद याने 1686 ते 1690 या काळात हा बंधारा उभारला. सुमारे 120 मीटर लांब, 13 कमानी, व्होज डोंगरातला गुलाबी वालुकाश्म. जुनं नाव 'मोठं जलद्वार'. काम एकच: वेढा पडला की कमानी बंद करायच्या, नदी तुंबवायची आणि दक्षिणेकडचा सखल भाग बुडवायचा.

अशा पुराला फार खोली लागत नाही. कमरेएवढं पाणीही पुरतं. त्यातून तोफा ओढता येत नाहीत, मोर्च्यांचे खंदक खणले तर लगेच भरतात. जड होड्यांनाही ते उथळच पडतं. तीन कमानी मात्र उंच ठेवल्यात, नावा जाव्यात म्हणून; तिथे आतल्या बोळात उचलते पूल आहेत. बोळ झाकलेला आहे, त्यामुळे सैनिकांना आडोशाने नदी ओलांडता येई.

उणीव एकच, पण मोठी: पाणी फक्त सखल बाजूला पसरतं. 1870 मध्ये प्रशिया या जर्मन राज्याशी झालेल्या युद्धात शहराला वेढा पडला तेव्हा कमानी बंद केल्या, दक्षिणेला पाणी पसरलं, बंधाऱ्याने आपलं काम चोख केलं. प्रशियाच्या फौजेने हल्ल्यासाठी वायव्येची कोरडी बाजू निवडली. 28 सप्टेंबरला शहर पडलं.

जाल तेव्हा आधी बोळातून चाला, गच्ची नंतर.